वतन, चाळ आणि चार खोल्या

दलितांच्या इतिहासाची मांडणी करताना आपण पाणवठा, मंदिर, शाळा आणि नोकरी ह्या ठिकाणी जितके थांबलो तितके घरापाशी थांबलो नाही. घराचा उल्लेख येतो तो महारवाड्याच्या वर्णनापुरता. गावकुसाबाहेरची दिशा, गळके छप्पर, ओढलेल्या गुरांचा वास. आत्मकथनांनी हे सर्व पुरेपूर सांगितले आहे. परंतु त्या घराची मालकी कोणाची होती, ते कोणत्या अटीवर मिळालेले होते आणि काम करणारे हात थकले म्हणजे त्या घराचे काय होत असे, हा प्रश्न वर्णनाचा नाही, हक्काचा आहे. म्हाताऱ्या आईबापांनी अखेरची वर्षे कोणत्या छपराखाली काढावी, हा सवर्ण मध्यमवर्गात बहुधा सुनेच्या स्वभावाचा प्रश्न मानला जातो. आपल्याकडे तो वतनाचा, चाकरीचा आणि जातीचा प्रश्न होता. फार मोठ्या संख्येने आजही आहे.

मी विरारजवळच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. गेल्या काही वर्षांत आम्हा भावंडांना आईवडिलांसाठी अर्नाळ्याला चार खोल्यांचे एक जुने घर घ्यावे लागले, आणि त्या व्यवहाराची कागदपत्रे जमवता जमवता मला ह्या विषयाची एकेक बाजू दिसू लागली. म्हणून हा लेख. त्यात स्वतःविषयी जेवढे येईल ते पुराव्यादाखल समजावे.

प्रथम वतनाकडे पाहू. महार हा गावचा वतनदार असे म्हटले जाई, आणि हा शब्द ऐकून अजूनही काही मंडळींची छाती फुगते. वतन म्हणजे काय? सरकारची व गावाची सेवा, दिवस-रात्र न पाहता, आणि त्या बदल्यात बलुते व जमिनीचा तुकडा. ती सेवा एका माणसावर नव्हे, घराण्यावर लादलेली असे. बाप थकला की मुलाने काठी हाती घ्यायची. वतनाची जमीन विकता येत नसे, घराण्याबाहेर देता येत नसे. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने हा निर्बंध पक्का केला. म्हणजे ज्या जमिनीच्या आधारावर महार जगत होता ती त्याला उभी करणारी जमीन नव्हती, बांधून ठेवणारी होती. म्हातारा बाप झोपडीत राहू शकत होता तो मुलगा गावकीला जात होता म्हणून. मुलगा पळून मुंबईला गेला तर भाऊबंदांवर ताण पडे आणि गावाचा रोष म्हाताऱ्यावर निघे.

बाबासाहेबांनी हे दुखणे नेमके ओळखले होते. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महारांना सेवेच्या सक्तीतून मोकळीक मिळावी, जमिनीवर पूर्ण सारा बसवून ती त्यांना रयतेप्रमाणे मिळावी, असा त्याचा गाभा होता. पुढच्या वर्षी ते विधेयक मागे घ्यावे लागले. मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली केला आणि तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. मधली तीस वर्षे आपण विसरू नयेत. सेवेच्या बदल्यात आसरा आणि तो आसरा टिकवण्यासाठी पुढच्या पिढीची सेवा, ही साखळी तोडायला एवढा काळ लागला. आणि कागदावर तुटलेली ही साखळी शहरात वेगळ्या नावाने पुन्हा जोडली गेली होती, हे मला येथे सांगायचे आहे.

माझा आजा साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातून १९५० नंतरच्या दशकात मुंबईस आला. त्याच्यासारख्या माणसाला मुंबईत तीन प्रकारची खोली मिळू शकत होती, आणि ह्या तीन प्रकारांतला फरक आपल्या अभ्यासकांनी पुरेसा उलगडलेला नाही.

पहिली खोली खाजगी चाळीतली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तिला विलक्षण संरक्षण दिले. भाडे गोठले, घरमालकाला भाडेकरू काढणे अवघड झाले, बापामागे मुलाला भाडेकरूपण मिळू लागले आणि पागडीच्या रूपाने त्या भाडेकरूपणाला बाजारात किंमतही आली. गिरणगावातल्या अनेक कुटुंबांनी ह्याच पागडीच्या पैशावर पुढे उपनगरात घरे घेतली, आईबापांना गावी परत पाठवले, मुलींची लग्ने केली. परंतु ही खोली मिळायची कोणाच्या ओळखीने? गाववाल्याच्या, जातवाल्याच्या. गिरणीत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे. जास्त पगाराचे खाते असे बंद आणि चाळीचा दरवाजाही असा बंद. एक बंदी दुसरीला पोसत होती.

दुसरी खोली सरकारी वा निमसरकारी चाळीतली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या; बांधल्या त्यापेक्षा जास्त पाडल्या, असे त्याविषयी म्हटले जाते. त्याच्या बी.आय.टी. चाळी, आणि १९२० नंतर विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे उभारलेल्या बी.डी.डी. चाळी, एकूण २०७ इमारती, एकेका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. ह्या चाळींत जातीचा अडसर तुलनेने कमी होता, म्हणून आपली माणसे तेथे मोठ्या संख्येने आली. आंबेडकरी चळवळीचा नकाशा काढला तर त्यातले बरेच ठिपके ह्या चाळींवर पडतील. १९७४ च्या जानेवारीत वरळीत जे घडले तेही ह्याच चाळींच्या मधल्या पटांगणात. तेथील भाडेकरूपण वारसांना मिळत गेले. पुनर्विकासाला फार उशीर झाला, पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या भाडेकरूंना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्यांचे आईबाप त्या १६० चौरस फुटांत म्हातारे झाले आणि तेथेच गेले त्यांना ह्या किल्लीचे काय वाटले असेल, हे मी विचारीत नाही. निदान किल्ली मिळाली.

तिसरी खोली सफाई कामगाराची. ही भाड्याची नव्हे, चाकरीची. नगरपालिकेने झाडणाऱ्यांना, भंगी-कामगारांना वसाहती बांधून दिल्या त्या त्यांच्या कल्याणासाठी, असे अहवालांतून म्हटलेले आढळते. पहाटेच्या हजेरीला माणूस वेळेवर हाताशी असावा हे दुसरे कारण अहवालात क्वचितच येते. ही खोली सेवानिवास. तिला भाडेनियंत्रण कायद्याचे कवच नाही, पागडी नाही, वारसा नाही. कामगार निवृत्त झाला की खोली रिकामी करावयाची. तीस-पस्तीस वर्षे ज्याने शहराचा कचरा उचलला, ज्याची मुले त्या खोलीत जन्मली, त्याला अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी नोटीस मिळते. शहर त्याला पेन्शन देते. छप्पर काढून घेते.

मात्र एक सूट ह्या व्यवस्थेत शिरली. १९७० च्या दशकात लाड आणि पागे ह्यांच्या समित्यांनी सफाई कामगारांच्या स्थितीचा विचार केला, आणि त्यांच्या शिफारशींतून कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी देण्याची तरतूद रुजली. शासनाने २४ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयाने ती पुन्हा एकत्र मांडली. ह्या तरतुदीसाठी कामगार संघटना लढल्या आहेत, आणि ठेकेदारीच्या काळात कायम नोकरी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे तो तिला नावे ठेवणार नाही. मीही ठेवीत नाही. माझे वडील ह्याच वाटेने, आज्याच्या जागी, नोकरीला लागले आणि त्यांच्या पगारावर मी शिकलो. तरी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट नोंदवावी लागते. वारसाला नोकरी मिळते आणि त्या नोकरीबरोबर खोली टिकते. म्हणजे म्हाताऱ्या आईबापांच्या डोक्यावरचे छप्पर टिकवायचे असेल तर मुलाने झाडू हाती घ्यावा. १८७४ च्या कायद्यातला वतनदार आणि विसाव्या शतकाच्या अखेरीचा सफाई कामगार ह्यांच्यात किती अंतर पडले? गावकीचे नाव बदलले. साखळीची कडी तीच राहिली. ह्याला मी शहरातले वतन म्हणतो.

आमच्या घरात हा सिद्धान्त नव्हता, भांडण होते. वडिलांच्या निवृत्तीला दोन वर्षे राहिली तेव्हा वसाहतीतले शेजारी आणि चुलते आम्हाला रोज तेच सांगू लागले. थोरला मास्तर झाला, ठीक आहे; धाकट्याला लावा, खोली राहील. त्यांचे बोलणे व्यवहाराला धरून होते. धाकटा तेव्हा एका कंपनीत गाडी चालवीत होता, कंत्राटावर. कायम नोकरी आणि खोली, दोन्ही एकदम मिळत होते. आई गप्प असे. वडील एकदा एवढेच म्हणाले, "माझ्या बापानं मला लावला, मी कुणाला लावणार नाही." त्यानंतर चुलत्यांनी आमच्याकडे येणे काही महिने बंद केले. मला आजही चुलत्यांचे म्हणणे खोटे ठरवता येत नाही. ज्याच्या घरात प्राध्यापकाचा पगार येत नाही त्याने काय करावे? त्याचा मुलगा वतन नाकारील तर त्याची आई कोठे जाईल? तत्त्व पाळण्यासाठी आधी कोणीतरी पगारदार असावा लागतो, ही आपल्या चळवळीने कमी बोललेली गोष्ट आहे.

येथे राजगृहाकडे वळणे भाग आहे. राजगृह म्हटले की आपण ग्रंथसंग्रह आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या वास्तूला घरबांधणीच्या इतिहासात जी जागा आहे तिचा विचार क्वचित होतो.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झालेले. मुलाच्या शिक्षणासाठी ते मुंबईस आले ते परळच्या डबक चाळीत, एका खोलीत. तेथून पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० व ५१ क्रमांकाच्या खोल्यांत. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले तेव्हा मुलगा नुकताच बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाला होता आणि वडिलांच्या आजाराची तार मिळताच धावत परत आला होता. म्हणजे ज्या बापाने पहाटे दोनला उठवून मुलाला अभ्यासाला बसवले त्याला मुलाच्या कमाईचे घर पाहणे घडले नाही. कोलंबियाहून, लंडनहून मोठमोठ्या पदव्या घेऊन आल्यावरही बाबासाहेब ह्याच चाळीत राहिले, १९३४ पर्यंत. मधे १९१७ साली बडोद्यात त्यांना पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. राज्याच्या मोठ्या अधिकाऱ्याला त्या शहरात पैसे देऊनही छप्पर मिळाले नाही. पगार आणि पदवी ह्यांच्यापेक्षा जात घराच्या उंबऱ्यावर अधिक बळकट असते, हे तेव्हा सिद्ध झाले.

वकिलीत जम बसल्यानंतर बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले, कर्ज काढले आणि १९३३ पर्यंत दोन इमारती उभ्या केल्या. एक राजगृह, तिच्यात वर ग्रंथालय व कचेरी, खाली कुटुंबीयांसाठी राहण्याच्या खोल्या. दुसरी चारमिनार, ती भाड्याने देण्यासाठी. हा हिशोब एखाद्या काटकसरी गृहस्थाचा आहे. एका इमारतीत आपली माणसे, दुसरीच्या भाड्यातून कर्जाला हातभार. जातवार वसलेल्या मुंबईत हे धाडस केवढे होते ते पाहण्यासाठी शेजारी काय चालले होते ते पाहावे. १९१५ साली गावदेवीस सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली, ती आशियातली पहिली म्हणून गौरवली जाते. सुधार न्यासाच्या दादर-माटुंगा योजनेत पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी अशी नावेच पडली. सहकार हा समतेचा मार्ग म्हणून आपण शिकवतो. मुंबईतल्या घरांच्या बाबतीत तो बऱ्याच वेळा जातीला मिळालेले नोंदणी प्रमाणपत्र होता. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध मानली. अल्पसंख्य समाजाची बाजू मला समजते. परंतु हाच न्याय बलिष्ठ जातींच्या संस्थांच्या हाती काय काम करतो, ते भाड्याने खोली शोधलेल्या कोणत्याही दलित विद्यार्थ्याला विचारावे.

चारमिनार टिकली नाही. १९४१ साली ती विकावी लागली. देणी होती, ग्रंथांची खरेदी होती. रमाबाई तर १९३५ च्या मे महिन्यात, राजगृहात पुरती दोन वर्षेही न राहता, गेल्या. भाड्याच्या उत्पन्नावर एक घर दुसऱ्याला पोसील, हा बेत बाबासाहेबांच्या बाबतीतही आठ वर्षे टिकला. मला ही माहिती निराश करीत नाही. उलट चरित्रग्रंथांतून हा कर्जाचा आणि विक्रीचा तपशील चटकन ओलांडून जाणाऱ्यांचे नवल वाटते. बाबासाहेबांचे हप्ते आपल्याला कळाले तर त्यांची थोरवी कमी होत नाही.

आता अर्नाळा. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली, पण वसई तालुका पुढे पन्नास वर्षे केळीचा, पानवेलींचा, फुलांचा आणि मासळीचाच राहिला. १९८८ मध्ये हरित पट्ट्यावरचे निर्बंध उठले, १९९० मध्ये सिडकोकडे नियोजन आले. मधल्या काळात १९८२ चा गिरणी संप होऊन गेला होता. पागडी विकून, गिरणीची देणी घेऊन माणसे नालासोपारा-विरारकडे सरकली. हरित वसईसाठी स्थानिकांनी केलेला लढा हा न्यायाचा लढा होता. आणि मुंबईतून ढकलल्या गेलेल्या गरिबाला स्वस्त खोली हवी होती, हाही न्यायच होता. बिल्डरांनी ह्या दोन न्यायांच्या मधे इमारती उभ्या केल्या. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. अर्नाळा महापालिकेच्या बाहेर, ग्रामपंचायतीत राहिला. विरार स्टेशनाबाहेरून एस.टी. धरायची, आगाशी ओलांडायची, की खाऱ्या वाऱ्याबरोबर वाळणाऱ्या बोंबलांचा वास येतो. समोर बेटावर किल्ला. १७३७ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला आणि नव्याने बांधला. मराठ्यांच्या किल्ल्यांच्या घेऱ्यात रामोशी, महार, मांग पहारा देत आणि पहाऱ्याच्या मोबदल्यात पायथ्याशी राहत. चाकरीची खोली ही अशी जुनी आहे.

आम्ही नालासोपाऱ्यात सदनिका पाहिल्या. एक खोली-स्वयंपाकघर, चौथा मजला, लिफ्ट नाही. वडिलांचे गुडघे झाडूने आणि ढकलगाडीने गेलेले. खालच्या मजल्याची किंमत आवाक्याबाहेर. तेव्हा एका सहकाऱ्याने अर्नाळ्याच्या गावठाणातले हे घर सुचवले. एकाच ओटीवर ओळीने चार खोल्या, वर कौले, मागे विहीर, पाणी किंचित मचूळ. कोकणपट्टीत अशा रचनेला बैठी चाळ म्हणतात. एका सदनिकेच्या पैशात चार खोल्या. दोन आईवडिलांना, दोन भाड्याने. राजगृह आणि चारमिनार एकाच कौलाखाली, असे मी धाकट्याला हसत म्हणालो होतो.

अशा घराच्या वाटेवर जे कायदे उभे असतात ते नीट समजून घेण्यासारखे आहेत. गावठाणाबाहेर स्वस्त जमीन विकायला पुष्कळ होती. दलाल गुंठ्याचा भाव सांगत. परंतु १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने विकण्यास मनाई केली, आणि १९४८ च्या कूळकायद्याने शेतकरी वा शेतमजूर नसलेल्याला शेतजमीन घेण्यास मनाई केली. हे दोन्ही कायदे कसणाऱ्याच्या रक्षणासाठी झाले, त्यांचा हेतू पुरोगामी होता. पण पिढ्यानपिढ्या ज्याला जमीन मिळू दिली नाही त्याचा मुलगा शहरात झाडूवाला झाला तर तो शेतकरी ठरत नाही, आणि शेतकरी नाही म्हणून पुढेही जमीन घेऊ शकत नाही. भूमिहीनता हीच भूमिहीन राहण्याची पात्रता झाली. ज्यांनी तरीही असे गुंठे घेतले त्यांच्या हाती साठेखत असते, सात-बाऱ्यावर नाव नसते. घर पडले तर दाद कोठे मागावी ते ठाऊक नसते.

म्हणून आम्ही गावठाणातले जुने घर पाहिले. तेथेही ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा म्हणजे मालकी, असा सार्वत्रिक समज आहे. तो घरपट्टीचा कागद आहे. मालकी सिद्ध करीत नाही. मूळ मालक वारलेला, वारस पाच. तीन भावांच्या सह्या विकणाऱ्याकडे तयार होत्या, बहिणींच्या नव्हत्या. "बहिणींचं काय, त्या लग्न होऊन गेल्या," असे मध्यस्थ म्हणाला. वडिलांनी पाचही सह्या झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत म्हणून सांगितले. सही न घेता कागद झाला म्हणजे काय होते हे वतनाच्या जमिनींवरून ते लहानपणी ऐकत आले होते. एका बँकेने, इमारत जुनी आणि बांधकामाची परवानगी उपलब्ध नाही, ह्या कारणाने कर्ज नाकारले. शेवटी शिक्षकांच्या पतसंस्थेने माझ्या पगारावर दिले. वडिलांची ग्रॅच्युइटी आणि धाकट्याची बचत त्यात गेली. स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून मिळू लागली होती, म्हणून खरेदीखत आईच्या नावे केले. सवलतीसाठी केले हे खरे. पण आमच्या घराण्यात कोणत्याही खरेदीखतावर चढलेले पहिले नाव बाईचे आहे, हेही खरे.

मध्यस्थाने आमचे आडनाव दोनदा विचारले. गाव कोणते, हेही दोनदा. व्यवहार मोडला नाही. शेजारच्या कोळी बायकांनी आईला पहिल्याच आठवड्यात सुकट आणून दिली. भंडाऱ्यांच्या एका घराने विहिरीवरून एकदा कुरबूर केली, मग थांबली. अर्नाळा जातिमुक्त आहे असे मी लिहिणार नाही आणि जातीने बरबटलेला आहे असेही नाही.

सोपारा येथून काही मैलांवर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी तेथील स्तूप उकरला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच तेथे मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला सापडला. नेमक्या धर्मांतराच्या वर्षी. आठव्या लेखाचा विषय राजाची धम्मयात्रा. तिच्यात श्रमण-ब्राह्मणांच्या भेटीबरोबर वृद्धांची भेट आणि त्यांना द्रव्यसाहाय्य ह्यांचा स्पष्ट निर्देश आहे. वृद्धांना आधार देणे हे तेथे राजाचे काम म्हणून येते. आपल्या संसदेने २००७ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. त्याने जबाबदारी मुलांवर टाकली आणि मुलांनी टाळल्यास न्यायाधिकरण ठेवले. मुलाच्या नावे मालमत्ता करून फसलेल्या आईबापांना ती परत मिळवण्याची सोयही त्यात आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मालमत्ता असलेला म्हातारा होता, हे त्यावरून कळते. सेवानिवास सोडून निघालेला सफाई कामगार आणि त्याचा कंत्राटी मुलगा ह्यांना तो कायदा काय देईल? दोघांनाही देण्यासारखे काही नाही आणि मागण्यासारखेही काही नाही.

राहता राहिली भाड्याची बाजू. ज्या घराण्याने दोन पिढ्या दुसऱ्याच्या खोलीत काढल्या ते घराणे घरमालक झाले. मला हा शब्द अजून नीट उच्चारता येत नाही. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर अकरा महिन्यांचा करार ही सर्वत्र रीत झाली. १९४७ च्या कायद्याने भाडेकरूला दिलेली सुरक्षितता त्या अकरा महिन्यांत संपली. तिच्याच जोरावर उभे राहिलेल्या घरांतली मुले आज अकरा महिन्यांचे करार करून घेतात. मीही करून घेतला. दोन खोल्यांचे मिळून भाडे हप्त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतके येते, उरलेले पगारातून जाते. पावसाळ्याआधी कौले चाळावी लागतात. मोठे रुग्णालय विरारला, आणि रात्रीचे वाहन मिळेलच असे नाही. स्वस्तपणाची ही किंमत आहे, ती हिशोबात धरली पाहिजे.

एका खोलीत एस.टी.तला एक कर्मचारी राहतो. दुसरीत जव्हारकडचे एक वारली जोडपे, दोघेही बांधकामावर जाणारे. गेल्या पावसाळ्यात त्या गड्याने वडिलांना विचारले, गावाकडे आई एकटी आहे, डोळ्यांनी दिसत नाही, तिला येथे आणली तर चालेल का. करारात दोन माणसे लिहिलेली होती. वडिलांनी मला विचारले नाही. भाडे तेवढेच राहील, एवढे त्याला सांगितले आणि म्हातारीला चढायला बरे पडावे म्हणून ओटीला एक पायरी बांधून घेतली.